सोमवार काकीचा

मॅट्रिकला मला चांगले मार्क पडले आणि आमच्या घरात सगळ्यांची पंचाईत झाली. नापास झाले असते तर बरं, असंही एकदोनदा वाटून गेलं. नापास मुलीला कुणी विचारत नाही, आता कुठल्या कॉलेजात म्हणून. पास झालेल्या मुलीला जो तो विचारतो. नळावर विचारतात, वाण्याकडे विचारतात, रेशनच्या रांगेत पुढची बाई मान मागे वळवून विचारते. आणि उत्तर काय द्यायचं ते घरात कुणालाच माहीत नसतं.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. मुलुंडला तेव्हा स्टेशनच्या पलीकडे अजून भातशेती होती. आमची चाळ दोन मजली, आमच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर. बाबा फोर्टातल्या एका ऑफिसात कारकून. आईला दमा. शेगडी पेटवली की कोळशाचा धूर तिच्या छातीत जाऊन बसायचा आणि ती भिंतीला धरून अशी खोकायची की बघवत नसे. त्यामुळे शाळेत असल्यापासून स्वयंपाक माझ्याकडे होता. पहाटे नळ यायचा, पाणी भरायचं मी. भाकरी-भात मी, धाकट्या दोघा भावंडांच्या वेण्या आणि बटणं मी. आई बसल्या जागेवरून भाजी चिरून द्यायची, तांदूळ निवडायची. तेवढंच तिला झेपत होतं, आणि त्याचाही तिला दम लागायचा.

मला सायन्सला जायचं होतं. आमच्या शाळेत एक छोटी प्रयोगशाळा होती. तिथे निळा लिटमस लाल झालेला मी पहिल्यांदा पाहिला, त्या दिवसापासून माझं हे वेड. का म्हणून विचारू नका. कुणाला गाणं आवडतं, मला ते आवडलं. पण सायन्सचं चांगलं कॉलेज टाउनात, फोर्टाच्या बाजूला. माझ्या मार्कांवर तिथे फी माफ होणार होती. रेल्वेच्या पासाचे आणि प्रयोगशाळेच्या डिपॉझिटचे पैसे बाबा म्हणाले मी बघतो. "ऑफिसातला चहा मला नाहीतरी पचत नाहीच," असं म्हणाले. चहावर बाबांचा जीव होता हे सगळ्या चाळीला माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते खुंटीवरच्या टोपीकडे बघायला लागले.

पण खरी अडचण पैशाची नव्हतीच. प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालायची. सकाळी सातला निघालेली मुलगी दिवेलागणीला परत. मधल्या वेळात शेगडी कोण पेटवणार? फी कॉलेज माफ करतं हो. घर कुठलं माफ करतंय?

दुसरा रस्ता जवळ होता. घाटकोपरला नवीन कॉलेज निघालं होतं, एका शाळेच्या इमारतीत, सकाळच्या वेळात. साडेदहाला घरी. पण तिथे फक्त आर्ट्स. आणि तिथली फी माफीची तऱ्हा वेगळी होती. जो विद्यार्थी आपल्या वस्तीत समाजसेवा करील त्याला पूर्ण माफी. एक प्राध्यापक घरी येऊन काम बघायचे आणि मग ठरवायचे.

आता गंमत अशी की समाजसेवा मी करत होते. आणि ती काही फार थोर मनाने सुरू केलेली नव्हती. चाळीतल्या बायका गावाकडून आलेली पत्रं माझ्याकडे वाचायला आणायच्या. एकदा वाचून भागायचं नाही. "परत वाच गो, तो म्हशीचा काय लिवलाहा तां परत वाच." मॅट्रिकनंतरच्या सुट्टीत एका दुपारी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मी काय जन्मभर तुमच्या म्हशी वाचत बसू? शिका की स्वतः!" रागाने बोलले होते. तर दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारासमोरच्या गॅलरीत सातजणी पाट्या घेऊन बसलेल्या. बोलल्यावर आता काय करणार? शिकवायला लागले.

त्यात पुढे असायची ती खालच्या मजल्यावरची काकी. मालवणकडची. तिचे यजमान आधी गिरणीत होते, मग भांडुपच्या कारखान्यात लागले. काकीचा आवाज असा की ती खाली सुनेला हाक मारायची आणि वर आमच्या धाकट्याच्या हातातून पेन्सिल पडायची. पण शिकायला पहिली. दोन महिन्यांत ती जोडाक्षरांवर आली. तिच्या शेजारी बसायची सातारची मावशी. ती मवाळ. अक्षर चुकलं की पाटीची क्षमा मागितल्यासारखी हळूच पुसायची.

तर मी ठरवून टाकलं. घाटकोपर. आर्ट्स. आणि ते ठरवताना मी स्वतःला जे सांगितलं ते मोठं छान होतं: या बायकांना सोडून कसं जायचं? वर्ग बंद पडेल. समाजाचंही काही देणं असतं. आई ऐकत होती. ती तांदळातले खडे बाजूला करत राहिली. मी वर्गात जाऊन जाहीर केलं, "मी इथेच राहणार, वर्ग चालू राहणार."

मला वाटलं बायका खूश होतील. कसलं काय! काकीने पाटी मांडीवर उलटी टाकली.

"आनि तुझां तां सायन्स?"

"राहिलं. इथे आर्ट्स घेते. दुपारी तुम्हाला शिकवता येईल."

"म्हंजे आमच्यापायी तू मागे रवतलंस?"

"तुमच्यासाठी, काकी. तुमच्यापायी नाही."

काकीने पाटी उचलून बगलेत घातली. मग म्हणाली, "आज माझां डोक्यां दुकता, मी जातंय," आणि उठून गेली. त्या दिवशी वर्ग लवकर सुटला.

पुढच्या रविवारी सकाळी प्राध्यापक आले. खादीचा सदरा, हातात छत्री, बगलेत वर्तमानपत्र. माणूस सज्जन दिसत होता. आई आत दाराशी बसली, बाबा खुर्ची पुसून उभे. मी गॅलरीतल्या फळ्यावर 'घर' लिहिलं. हा शब्द सातहीजणी झोपेत वाचतील अशी माझी खात्री होती. सरांनी काकीला विचारलं, "हे काय लिहिलंय, बाई?"

काकीने डोळे बारीक केले. मान तिरकी केली. आणि म्हणाली, "कोंबडी असात."

मला वाटलं ही थट्टा करतेय. सरांनी मावशीला विचारलं. मावशी पदराचं टोक चावत म्हणाली, "न्हाई जमत बाबा मला. वय झालं." ही मावशी आदल्या दिवशी तेलाच्या डब्यावरचं सगळं घडाघडा वाचत होती! तिसरी म्हणाली, आम्हाला अजून काहीच येत नाही. चौथी नुसती हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन महिने घसा कोरडा केला आणि वेळेला या म्हशी पाण्यात बसल्या! बाबा खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते.

मी सरांकडे बघायचं टाळत होते. आणि सर म्हणाले, "वा!"

मी वर बघितलं. त्यांचा चेहरा खरोखर फुलला होता. "इथे तर फार काम पडलंय," ते म्हणाले. "मी कितीतरी वर्ग बघितले. सगळे आधीच शिकलेल्या बायका आणून बसवतात आम्हाला दाखवायला. तू खऱ्या गरजेच्या ठिकाणी बसलीयस. या वर्गाला तू चारही वर्षं हवीस. तुझी फी माफ झाली समज."

मावशीचा पदर तोंडातून सुटला. काकीचा चेहरा तर असा झाला की मला तेव्हा कुठे उमगलं. या बायांनी ठरवून केलं होतं हे! सगळ्यांनी खालच्या मजल्यावर जमून ठरवलं होतं. त्यांचा हिशेब शाळेचा. शाळेत पोरं नापास झाली की मास्तरचा कान पकडतात, मास्तरला घालवतात. आपण सगळ्या नापास झालो की हिला हे कॉलेज घेणार नाही, मग जाईल गुमान टाउनला. समाजसेवेत उलटं असतं, समोरचा जितका अडाणी तितकी आपली किंमत जास्त, हे त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार?

"थांबा वाईच," काकी म्हणाली. गुडघ्यावर हात रोवून उठली. सरांच्या बगलेतलं वर्तमानपत्र तिने सरळ ओढून घेतलं. ते "अहो, अहो" करेपर्यंत तिने ते उघडलं आणि जिथे नजर पडली तिथून वाचायला सुरुवात केली. बाजारभाव होते. गूळ. तूर. हरभरा. एकेका शब्दावर बोट ठेवत, जोडाक्षराला दम खात, पण वाचत होती. नारळाच्या भावाशी आल्यावर थांबली. "ह्यां खोटां असा. इतके स्वस्त नारळ खंय गावतत?" असं सरांनाच विचारलं. मग मावशीने उठून फळ्यावरचं 'घर' वाचलं. त्याच्याखाली स्वतःचं नाव लिहिलं, नवऱ्याचं लिहिलं, गावाचं लिहिलं.

"आमका येता वाचूक," काकी म्हणाली. "आता ह्येची गरज नाय आमका. ह्येका जाव दे."

आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही म्हटलं आहे. 'तुझी गरज नाही' हे ऐकून रडू आलं ते त्या एकाच वेळी. आणि ते दुःखाचं नव्हतं.

सर शहाणे. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, मला जवळ बोलावलं. "तुला कुठे जायचंय? खरं सांग."

"सायन्सला," मी म्हटलं. घरात एवढे दिवस बोलणी चालली होती, पण हे वाक्य मी सरळ असं कुणाला सांगितलंच नव्हतं.

"मग आमच्याकडे कशाला येतेस?" ते म्हणाले, आणि छत्री उचलून जिना उतरून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

एवढ्याने शेगडीचा प्रश्न कुठे सुटला? तो तसाच. पण काकीने तोही आधीच सोडवून ठेवला होता. बाबांसमोर उभी राहून ती म्हणाली, "भावजी, आमी वार वाटून घेतले. सोमवार माझो."

मंगळवार मावशीचा. पुढचे वार पुढच्या बायकांचे, सातवी अडीनडीला. रविवारी मी घरीच असणार. सकाळी पाणी, दोन्ही वेळचा स्वयंपाक, पोरांची शाळा. ज्या दिवशी जिचा वार, तिने आमचं घर बघायचं. आणि दुपारी वर्ग आपापला चालवायचा, जी पुढे असेल तिने मागचीला शिकवायचं.

बाबांचा चेहरा उतरला. वार म्हणजे काय ते आमच्या बाबांइतकं कुणाला माहीत नव्हतं. गावाहून शिकायला आलेला गरीब मुलगा वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. बाबांचं सगळं शिक्षण तसंच झालेलं. त्या जेवणांबद्दल ते कधी बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, की बुधवारच्या घरी शिळं वाढायचे. माझ्या पोरांवर ही पाळी येऊ देणार नाही, हे त्यांचं ब्रीद.

"नको," बाबा म्हणाले. "हे नको. लोकांच्या उपकारावर मी शिकलो तेवढं पुरे."

"उपकार कसलो?" काकी उसळली. "ह्या चेडवान आमका फुकट शिकवल्यान, तो उपकार नाय? तुमी घेवचो नाय, मग आमी तरी कित्याक घेवचो?"

बाबांनी खुर्चीची पाठ सोडली. पण त्याहून मोठी अडचण दाराशी बसली होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. आमचं घर ब्राह्मणाचं. बाबा फोर्टात इराण्याकडे चहा पिऊन येत आणि घरी आल्यावर त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. पण आईचं तसं नव्हतं. आई भांडखोर नव्हती, कुणाला टाकून बोलत नव्हती. काकीच्या नातीला तिने मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. पण शिजलेलं अन्न घरच्याच हातचं. ते तिच्या आईने घालून दिलेलं, तिच्या आईला तिच्या आईने. काकीच्या घरी रोज मासे शिजत, तो वास जिन्याने वर येई तेव्हा आई नुसतं दार लोटून घेई.

काकीने तेही स्वतःच विचारलं. मी म्हणते, धाडस लागतं. "वैनी, तुमच्या चुलीकडे आमी इलंव तर चलात काय?"

खाली नळावर कुणीतरी बादली आपटली. आईने श्वास घेतला, तो अर्ध्यात अडकला, परत घेतला.

"या," ती म्हणाली. "मुलांचं होईल, यांचं होईल. हिचं शिक्षण होईल. या तुम्ही."

काकी खूश होऊन गेली. माझ्या मात्र लक्षात आलं. आईने सगळ्यांची नावं घेतली होती, स्वतःचं घेतलं नव्हतं. संध्याकाळी मी विचारलं, "आणि तू काय खाणार?" तर म्हणाली, "माझं काय गं? दूध आहे, केळं आहे. उपासाची सवय आहे मला. तू कॉलेजात जा." मी म्हटलं, "आठवड्याचे सहा दिवस उपास? मरशील!" ती म्हणाली, "इतक्यात नाही मरत." भांडून झालं, रडून झालं. आई हटली नाही. मी म्हटलं मग मी जातच नाही. तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कॉलेजची पिशवी भरायला घेतली. आईने माझ्यासाठी दार उघडलं होतं, आणि स्वतः त्यातून आत यायला तयार नव्हती.

कॉलेज सुरू झालं ते नेमकं सोमवारी. उजाडायच्या आत काकी हजर. केस ओले. नळाचं पाणी यायच्या आधी आदल्या दिवशीचं साठवलेलं पाणी डोक्यावरून घेऊन, धुतलेलं लुगडं नेसून आली होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला. आईने ते ओले केस बघितले. "सर्दी होईल तुम्हाला," एवढंच म्हणाली.

मी निघाले. कॉलेज कसं होतं, पहिल्या दिवशी काय शिकवलं, मला विचारू नका. पितळी नळ, काचेच्या नळ्यांची कपाटं, ज्यांच्यासाठी एवढा जीव टाकला ते सगळं समोर होतं आणि माझ्या डोळ्यांपुढे आईचं रिकामं ताट. आता बारा वाजले, पोरं जेवली असतील. आता एक वाजला, ती केळं सोलत असेल. शेजारच्या मुलीने विचारलं, बरं नाहीये का तुला? मी म्हटलं, बरी आहे. मला राग सगळ्यांवर येत होता. आईवर, काकीवर, आईच्या आईवर, त्या लिटमसवर.

संध्याकाळी जिना चढले तेव्हा आई दारात बसली होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "काय खाल्लंस?"

"आधी पाय धू."

"आई, काय खाल्लंस ते सांग."

"ओरडू नकोस, सांगते," आई म्हणाली, आणि मधे मधे दम घेत सांगू लागली. काकीने स्वयंपाक केला, पोरांना वाढलं, आईचं ताट वाढून झाकून ठेवलं. आग्रह केला नाही. एक शब्द बोलली नाही. गॅलरीत जाऊन उंबऱ्याच्या बाहेर बसली. आई म्हणाली, तुम्ही जा आता घरी, जेवा. तर काकी म्हणाली, आज सोमवार, आज हे घर माझं. माझ्या घरात माणूस उपाशी असताना मी कशी जाऊ? दोन वाजले. अडीच वाजले. बाहेर ती उपाशी, आत ही उपाशी. मधे उंबरा.

"तिची सून दोनदा बोलवायला आली," आई म्हणाली. "उठली नाही. पोथी वाचल्यासारखी ती तू लिहून दिलेली पाटी वाचत बसली होती. मला म्हटलं, काय हा हट्ट... आणि मग मला वाटलं, हट्ट नक्की कुणाचा चाललाय?"

"मग?"

"मग काय? तिला आत बोलावलं. म्हटलं, एकटीला जेवण जात नाही मला. दोघी बसलो."

आईने पदराने तोंड पुसलं आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाली, "अशी बघत काय उभी राहिलीस? मंगळवारवालीला जाऊन सांग. उद्या मी पण जेवणार आहे म्हणावं."

मी मावशीच्या दारात गेले ती इतकी रडत, की ती पोळपाट टाकून धावत आली. म्हणाली, "काय झालं गं? आई बरी हाय न्हवं?"

मी म्हटलं, "बरी आहे. जेवली."